आधी विद्यार्थिनी, मग बाई

ग्वातेमालाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर, केत्साल्तेनांगो नावाचं शहर आहे. तिथली माणसं त्याला शेला म्हणतात. शेलाहू या जुन्या माया नावाचं हे आटोपशीर रूप. त्या शहरात एका कुटुंबात मी सहा महिने राहिले. सकाळी स्पॅनिश शिकायचे, दुपारी जवळच्या गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. पहिल्या रात्री जेवण झालं तशी मी मुकाट्याने ताट उचलून उठले आणि टेबलाभोवती एकदम शांतता पसरली. कारण दुसऱ्या दिवशी कळलं. तिथे जेवून उठणारा 'मुचास ग्रासियास' म्हणतो आणि बसलेले सगळे, अगदी चार वर्षांचं पोरसुद्धा, 'बुएन प्रोवेचो' असं उत्तर देतात. खाल्लेलं अंगी लागो, असा त्याचा भाव. इंग्रजी शिकवण्याचा पंधरा वर्षांचा अनुभव गाठीशी घेऊन मी तिथे गेले होते, पण त्या घरातल्या पंगतीतून नीट उठायला लागणारे दोन शब्द माझ्यापाशी नव्हते.

परत आल्यापासून मला बरेच जण विचारतात. कुणी स्पॅनिशच्या दुसऱ्या-तिसऱ्या परीक्षेपर्यंत पोचलेली मुलगी असते, कुणी नोकरीतून सुट्टी घेऊ पाहणारा अभियंता, कुणी निवृत्तीला आलेल्या शिक्षिका. प्रश्न साधारण सारखेच. परदेशी जाऊन विनामूल्य इंग्रजी शिकवायचं आणि स्पॅनिश शिकून यायचं, हे एका खेपेत जमतं का? भाषा खरोखर येते का? आणि आपल्या शिकवण्याचा तिथल्या मुलांना उपयोग होतो का? माझं मत आधीच सांगून टाकते. दोन्ही जमतं, पण क्रम चुकला तर दोन्ही हातचं जातं. आधी विद्यार्थी होऊन जावं, त्या शिकण्याचे पैसे मोजावेत, आणि तिथली भाषा तोंडात बसू लागल्यावरच खडू हातात घ्यावा.

या दोन इच्छा जोडीने नांदतील असं दुरून वाटतं. प्रत्यक्षात त्या एकमेकींना ओढत असतात. शाळेने तुम्हाला बोलावलेलं असतं ते इंग्रजी बोलायला. वर्गात इंग्रजी, मधल्या सुट्टीत शिक्षकांना सराव हवा म्हणून पुन्हा इंग्रजी, संध्याकाळी बाकीच्या स्वयंसेवकांच्या खोलीवर गप्पा इंग्रजीतच. असे तीन महिने काढून भाजी घेण्यापुरती स्पॅनिश घेऊन परतलेली माणसं मी पाहिली आहेत. स्पेनमधला 'पुएब्लो इंग्लेस' हा उपक्रम तर याचं टोक आहे. २००१मध्ये सोरिया प्रांतातल्या वाल्देलाविया या ओस पडलेल्या, मग डागडुजी केलेल्या खेड्यात तो सुरू झाला. इंग्रजी बोलणारे स्वयंसेवक आठवडाभर स्पॅनिश लोकांशी गप्पा मारतात, त्या बदल्यात राहणं-जेवण मोफत, आणि नियम असा की त्या आठवड्यात स्पॅनिश बोलायचीच नाही. शिकणाऱ्या स्पॅनिश लोकांसाठी ही सोय उत्तम आहे. स्पॅनिश शिकायला म्हणून तिथे कुणी जाऊ नये, एवढंच.

भाषेला वेळ किती लागतो, याचा एक भरवशाचा अंदाज अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था देते. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला कामकाजापुरती पक्की स्पॅनिश यायला वर्गातले ६०० ते ७५० तास लागतात, असा तिचा अनुभव आहे, आणि स्पॅनिश ही तिच्या सर्वांत सोप्या गटातली भाषा. रोज पाच तास, आठवड्याचे पाच दिवस धरले तर ६०० तासांना चोवीस आठवडे होतात. म्हणजे सहा महिने, तेही दुसरं काही न करता. पंधरा दिवसांच्या 'शिकवा आणि शिका' सहलीत किती पदरात पडणार, याचा हिशेब बोटांवर करता येईल.

परदेशी जाऊन सेवा करण्याच्या या प्रश्नाला साठ-पासष्ट वर्षांचा इतिहास आहे, आणि तो माहीत असल्याशिवाय जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. जॉन केनेडींनी मार्च १९६१मध्ये पीस कॉरची स्थापना केली. अमेरिकन तरुणांनी गरीब देशांत जाऊन शिकवायचं, शेतीत मदत करायची, आरोग्याचं काम करायचं. त्या योजनेतली एक गोष्ट मला आजही शहाणपणाची वाटते. मुदत सत्तावीस महिन्यांची, आणि त्यातले पहिले सुमारे तीन महिने भाषेसह प्रशिक्षणाचे. आधी भाषा, मग काम. तरीही ही योजना सगळीकडे गोडीगुलाबीने नांदली नाही. बोलिव्हियात होर्हे सानहिनेस या दिग्दर्शकाने १९६९मध्ये 'यावार माय्कू' हा चित्रपट काढला. केचुआ बायकांची त्यांच्या संमतीशिवाय नसबंदी करणारी परदेशी मदतनीसांची टोळी त्यात दाखवली होती, आणि रोख कुणाकडे आहे ते प्रेक्षकांना लगेच कळलं. देशभर वादळ उठलं आणि १९७१मध्ये पीस कॉरला बोलिव्हिया सोडावं लागलं.

त्याच काळात मेक्सिकोतल्या कुएर्नावाका शहरात इव्हान इलिच हा कॅथलिक धर्मगुरू एक केंद्र चालवत होता. शाळामुक्त समाजाबद्दलच्या त्याच्या पुस्तकामुळे आपल्याकडे शिक्षणाचा विचार करणाऱ्यांना तो ठाऊक आहे. व्हिएन्नात जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये प्वेर्तो रिकोच्या स्थलांतरितांत काम केलेला हा माणूस लॅटिन अमेरिकेत निघालेल्या मिशनऱ्यांना आणि स्वयंसेवकांना कुएर्नावाकात कसून स्पॅनिश शिकवायचा. त्यामागे त्याचा हेतू असा की शिकता शिकता त्यांच्या डोक्यातला उद्धाराचा अभिनिवेश उतरावा. २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोतल्या खेड्यांत उन्हाळी सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे त्याने भाषण केलं, ते आजही या क्षेत्रातल्या माणसांना टोचतं. तुमचे चांगले हेतू खड्ड्यात जावोत, असाच त्याचा सूर होता. लोक तुमच्याबद्दल काय बोलतात हेसुद्धा ज्या गावात तुम्हाला कळत नाही, तिथे स्वतःला लादणं अन्यायाचं आहे, असं तो म्हणाला. सेवा करायचीच असेल तर आपल्या गावातल्या गरिबांत करा, तिथे लोक तुम्हाला तोंडावर 'चालते व्हा' असं सांगू तरी शकतील. इकडे या, पण बघायला, शिकायला या.

हे भाषण मी जाण्याआधी वाचलं होतं, तेव्हा ते कठोर वाटलं होतं. शेलाच्या शाळेतल्या तिसऱ्या आठवड्यात ते मला पटलं.

चौथीचा वर्ग, अडतीस मुलं, फळा चांगला मोठा, पुस्तकं नाहीत. हे मला नवं नव्हतं. सांगली जिल्ह्यात याहून मोठे वर्ग मी घेतले आहेत. नवं होतं ते मुलांच्या वह्यांत. एका मुलाने आपली इंग्रजीची वही दाखवायला आणली. पहिल्या पानावर रंगांची नावं आणि एक ते वीस आकडे. चार पानांनंतर पुन्हा रंगांची नावं आणि एक ते वीस आकडे. आणखी पुढे पुन्हा तेच. प्रत्येक वेळी कोपऱ्यात शाबासकीची सही निराळी. तीन स्वयंसेवक येऊन गेले होते, प्रत्येकाने आपल्या दोन-तीन आठवड्यांत पहिल्यापासून सुरुवात केली होती, कारण आधी काय शिकवून झालंय हे वर्गशिक्षिकेला विचारण्याइतकी स्पॅनिश कुणालाच येत नव्हती. मुलगा आज्ञाधारक होता, त्याने तिन्ही वेळा सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं होतं. ती वही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. अल्प मुदतीच्या सेवेविरुद्ध लिहिलेले सगळे निबंध एका बाजूला आणि ती वही एका बाजूला.

त्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांची घरची भाषा किचे होती. ग्वातेमालात बावीस माया भाषा बोलल्या जातात, किचे त्यांतली सर्वांत मोठी. २००३च्या राष्ट्रीय भाषा कायद्याने या भाषांना मान्यता दिली, पण शाळेचा व्यवहार बहुतेक ठिकाणी स्पॅनिशमध्येच चालतो. रिगोबेर्ता मेंचू यांना १९९२चं शांततेचं नोबेल मिळालं. त्या किचे समाजातल्या, आणि स्पॅनिश त्या तरुणपणी शिकल्या. ज्यांच्याशी लढायचं त्यांची भाषा यायला हवी म्हणून. जी भाषा मी हौसेने शिकायला आले होते, ती त्या मुलांच्या पूर्वजांवर पाचशे वर्षांपूर्वी बाहेरून आली होती, आणि मी तिसरी भाषा घेऊन वर्गात उभी होते.

सुरुवातीला मी प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं सगळं इंग्रजीतच चालवलं. मुलं पोपटासारखी म्हणत गेली. माझी स्पॅनिश जरा सावरली तेव्हा फळ्यावर तीन रकाने आखले. इंग्रजी, स्पॅनिश आणि तिसरा मुलांनी सांगायचा. मका या शब्दाला स्पॅनिश 'माईस' मी लिहिलं, तिसऱ्या रकान्यात मागच्या बाकावरून आलं, 'इशीम'. तोवर तोंड न उघडलेली एक मुलगी ते बोलली होती. मग घर आणि पाणी. किचेत दोन्ही शब्द माझ्या कानाला 'हा'च वाटत होते. पाण्याच्या शब्दाला शेवटी घशात एक बारीक झटका असतो. मी तो म्हणायचे आणि अडतीस मुलं मला दुरुस्त करायची. चुकणं म्हणजे काय, चुकून पुन्हा तोंड उघडणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्याकडे बघून समजलं. त्यानंतर इंग्रजीत चुकायला ती घाबरेनाशी झाली. फळ्यापुढे उभी असलेली बाई स्वतः शिकते आहे, हे मुलांना दिसणं फार मोलाचं असतं, असं माझं त्या सहा महिन्यांतलं सर्वांत पक्कं निरीक्षण आहे.

'बाई' म्हणाले खरं, पण तिकडे मुलं बाईंना 'सेन्यो' म्हणतात, सेन्योरीताचं छोटं रूप. हाक मारण्याची लय आपल्याकडच्या 'बाई, ओ बाई'सारखीच.

आता मराठी माणसासाठी महत्त्वाचं. स्पॅनिश शिकणाऱ्या इंग्रजांची आणि अमेरिकनांची पहिली मोठी अडचण 'मे गुस्ता' ही असते. 'मला कॉफी आवडते' याला स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल काफे' म्हणतात. इंग्रजीत 'मी' हा कर्ता आणि कॉफी हे कर्म. स्पॅनिशमध्ये क्रियापद चालतं कॉफीप्रमाणे आणि 'मी'ला चतुर्थी लागते. वस्तू अनेक असल्या की 'मे गुस्तान लोस लिब्रोस', म्हणजे 'मला पुस्तकं आवडतात'. माझ्याबरोबरची अमेरिकन मुलगी यावर आठवडाभर झगडत होती आणि मी मराठीतून सरळ उतरवत होते. हे शिकवताना माझ्या स्पॅनिशच्या शिक्षिकेने फळ्यावर बाण काढायला घेतले होते; ते अर्धवट सोडून तिने मला विचारलं, तुमच्या भाषेत हे असंच आहे का? 'आवडणं', 'दुखणं', 'वाटणं' ही आपली रोजची क्रियापदं तिकडे तशीच चालतात.

दुसरी सोय विध्यर्थाची. 'तू यावंस असं मला वाटतं' या वाक्यातलं 'यावंस' इंग्रजीत सरळ सापडत नाही. स्पॅनिशमध्ये त्यासाठी क्रियापदाचं स्वतंत्र रूप आहे: 'किएरो के वेंगास'. 'पाऊस पडावा बाई एकदाचा' या सुरातलं 'ओहाला युएवा' मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याचा अर्थ मला कुणाला विचारावा लागला नाही. क्रियापदातच कर्ता दडलेला असणं, 'जाते' म्हटलं की 'मी' म्हणायची गरज नसणं, वस्तूंना लिंग असणं, परक्या माणसाला 'तुम्ही' आणि जवळच्याला 'तू', हे सगळं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. ग्वातेमालात 'तुम्ही'साठी 'उस्तेद' आणि दोस्तीत 'वोस' चालतं. उच्चारातही आपली सोय आहे. स्पॅनिश त आणि द दातांनाच जीभ लावून म्हणतात, आणि प, त, क मध्ये हकार नसतो. प आणि फ, क आणि ख यांत फरक करायला आपण पाळण्यात शिकतो. अडचणी आहेतच. 'असणे' या एका क्रियापदाच्या जागी तिथे 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन आहेत. माणूस कंटाळवाणा आहे की कंटाळलेला आहे, ते त्यांतलं कुठलं वापरलं यावर ठरतं. त्याला सराव हाच उपाय.

शब्दांचं जुनं नातंही वाटेत भेटत राहतं. पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेले शब्द स्पॅनिशच्या सख्ख्या बहिणीचे. दुकानात पैसे द्यायच्या क्रियेला 'पागार' म्हणतात, आपला पगार तिथलाच. पावाला 'पान'. घर बांधणाऱ्या मुख्य कारागिराला 'माएस्त्रो' म्हणून हाक मारतात, पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आपण त्याचा मिस्त्री केला. आणि स्वयंपाकघरात तर शब्दांचीही गरज पडली नाही. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ तळहातांवर थापून, मातीच्या तव्यावर टाकलेली तोर्तिया बघताना मी त्या घरच्या आजींना खुणेनेच सांगितलं की माझी आईही असंच थापते. त्यांनी उंडा माझ्या हातात दिला.

एक लकब मात्र शब्दकोशात सापडली नाही. ग्वातेमालातला माणूस नकार देताना 'नाही' म्हणत नाही. तो सुरू करतो, 'फिहेसे के...'. मग काही तरी अडचण सांगतो. आपल्या 'त्याचं काय आहे...'चं हे जुळं भावंड. हे कळल्यावर मला शाळेच्या मुख्याध्यापकांचा प्रत्येक निरोप समजू लागला.

ग्वातेमालात ही शिकण्याची व्यवस्था आली कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. आन्तिग्वा या जुन्या राजधानीत १९६९मध्ये प्रोयेक्तो लिंग्विस्तिको फ्रान्सिस्को माररोकिन ही संस्था निघाली. माया भाषा बोलणाऱ्या तरुणांना भाषाशास्त्र शिकवायचं, म्हणजे आपापल्या भाषांचे कोश आणि व्याकरणं ते स्वतः लिहितील, हे तिचं काम. टेरेन्स कॉफमन यांच्यासारखे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ त्यात शिकवत होते. या कामाला आधार मिळाला तो परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवून येणाऱ्या फीचा. म्हणजे परदेशी माणूस पैसे देऊन विद्यार्थी झाला आणि त्या पैशांवर तिथली माणसं आपल्या भाषांचे तज्ज्ञ झाली. परदेशी माणसाच्या तिथे असण्याचा याहून सरळ उपयोग मला दुसरा माहीत नाही. पुढे यादवी युद्धाच्या अखेरच्या वर्षांत आणि १९९६च्या शांतता करारानंतर शेलामध्येही अशा शाळा फोफावल्या. पद्धत सगळीकडे तीच. एका विद्यार्थ्याला एक शिक्षक, रोज चार-पाच तास, आणि मुक्काम स्थानिक कुटुंबात.

म्हणून पैशांबद्दल स्पष्ट बोलते. शेलामध्ये आठवडाभराची एकास-एक शिकवणी आणि कुटुंबातलं राहणं-जेवण मिळून साधारण २०० ते ३०० डॉलर पडतात. आन्तिग्वात त्याहून जास्त. उलट स्वयंसेवकांना 'पाठवणाऱ्या' काही कंपन्या थोड्या आठवड्यांसाठी हजार-दोन हजार डॉलर घेतात, आणि शिकवणाऱ्या शाळेच्या वाट्याला त्यातलं फारच थोडं येतं. ज्या बाईने मला स्पॅनिश शिकवली, तिचं घर त्या फीवर चालत होतं. माझ्या मोफत इंग्रजीने गावाचं किती भलं झालं यावर वाद होऊ शकेल. तिला मिळालेल्या पैशांबद्दल वाद नाही.

भाषा शिकायला आलेल्या माणसाने पुढे काय उभं करावं, याचा एक उजळ दाखला ग्वातेमालातच आहे. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या हॅन्ली डेनिंग १९९७मध्ये तिथे स्पॅनिश शिकायला गेल्या. राजधानीच्या कचरा डेपोवर, कचरा वेचणाऱ्या घरांतली मुलं त्यांनी पाहिली, आणि १९९९मध्ये आपली गाडी आणि संगणक विकून त्या मुलांसाठी 'कामिनो सेगुरो' ही संस्था सुरू केली. शाळेची फी, दप्तर, जेवण, दुपारचा अभ्यास. जानेवारी २००७मध्ये एका अपघातात त्या गेल्या. संस्था त्यांच्यामागेही चालत राहिली. त्यांच्या गोष्टीतलं मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्या आधी विद्यार्थिनी होत्या. काय लागतं हे त्यांनी त्या घरांना विचारलं, आणि विचारायला भाषा होती.

सरकारांनीच बोलावलेले स्वयंसेवक हा वेगळा प्रकार, आणि मला तो खासगी सहलींपेक्षा बरा वाटतो. चिलीच्या शिक्षण मंत्रालयाने या शतकाच्या सुरुवातीला 'इंग्लेस आब्रे पुएर्तास', म्हणजे इंग्रजीने दारं उघडतात, हा कार्यक्रम काढला. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साथीने परदेशी स्वयंसेवक सरकारी शाळांत नेमले, त्यांना स्थानिक कुटुंबात ठेवलं, आणि काम ऐकण्या-बोलण्यापुरतं आखून दिलं, वर्ग वर्गशिक्षकाचाच. कोलंबियाने २००४ ते २०१९ अशी पंधरा वर्षांची द्विभाषिकतेची योजना आखली. तिथल्या अनेक अभ्यासकांनी तेव्हाच विचारलं की द्विभाषिक म्हणजे स्पॅनिश आणि इंग्रजीच का, देशातल्या आदिवासी भाषांचं काय. प्रश्न रास्त होता.

इंग्रजी हवी कशाला, हेही कुणी विचारेल. ग्वातेमालात याचं उत्तर घराघरांत आहे. अमेरिकेत गेलेल्या माणसांनी पाठवलेला पैसा देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळपास एक पंचमांश आहे. राजधानीतली आणि शेलामधली कॉल सेंटरं इंग्रजी बोलणाऱ्यांना चांगला पगार देतात. माझ्या वर्गातल्या मुलांचे मामा-काका टेक्सास आणि कॅलिफोर्नियात होते. इंग्रजी त्यांना परकी चैन वाटत नव्हती, म्हणून तर ती नीट शिकवली जायला हवी.

आणि इथे भारतीय माणसाची जागा कुठली? स्वयंसेवक मागवणाऱ्या पुष्कळ जाहिरातींत 'मूळ इंग्रजीभाषक' ही अट असते. काश्मीरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज कच्रू यांनी १९८५मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली आणि भारताला दुसऱ्या वर्तुळात ठेवलं, जिथे इंग्रजी बाहेरून येऊन घरची झाली. १९९२मध्ये रॉबर्ट फिलिप्सन यांनी मूळ भाषकच उत्तम शिक्षक असतो या समजुतीला चूक म्हटलं. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी हीसुद्धा त्यांच्या यादीतली आणखी एक चूक. माझ्या अनुभवाने दोन्हींना दुजोरा दिला. जो स्वतः शाळेत इंग्रजी शिकला, त्याला ती कुठे अडते ते ठाऊक असतं. स्पॅनिश बोलणारी मुलं 'स्कूल'च्या आधी ए लावून 'एस्कूल' म्हणतात. आपल्याकडच्या 'इस्कूल' आणि 'इस्टेशन'वर वाढलेल्या शिक्षकाला त्याचं नवल वाटत नाही. आणि पुस्तकांवाचून अडतीस मुलांचा वर्ग सांभाळणं आपल्या शिक्षकांना कुणी शिकवावं लागत नाही. तेव्हा भारतीय शिक्षकाने तिथे बिचकून जाऊ नये. अटीबद्दल संस्थेला सरळ विचारावं. पुष्कळ स्थानिक शाळांना पारपत्रापेक्षा माणूस महत्त्वाचा वाटतो.

एका गोष्टीवर मी ठाम आहे. अनाथाश्रमांत अल्पकाळ 'प्रेम द्यायला' जाऊ नये. येणाऱ्या पाहुण्यांसाठी आईबाप असलेली मुलंही आश्रमांत आणून ठेवली जातात, हे अनेक देशांत उघड झालं आहे. ऑस्ट्रेलियाने २०१८च्या कायद्याच्या निमित्ताने अशा तस्करीला आधुनिक गुलामगिरीचा प्रकार मानलं. चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र न मागता मुलांजवळ सोडणारी कोणतीही संस्था टाळावी.

ऋतूंचं गणित सोपं आहे, पण चुकतं. ग्वातेमालात शाळा जानेवारी ते ऑक्टोबर, चिलीत मार्च ते डिसेंबर. एक्वादोरमध्ये किनारपट्टीचं आणि डोंगराळ भागाचं शैक्षणिक वर्षच वेगळं. आपल्या दिवाळीच्या सुट्टीत ग्वातेमालाला गेलात तर वर्ग बंद असतील. स्पॅनिश मात्र बारा महिने शिकता येते.

तयारी इथूनच सुरू करावी. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिकवतात; दिल्लीत इन्स्तितुतो सेर्वान्तेस आहे. २०२०च्या महासाथीत परदेशी विद्यार्थी एकाएकी निघून गेले, पीस कॉरने जगभरातले आपले सगळे स्वयंसेवक परत बोलावले, आणि शेला-आन्तिग्वाच्या शिक्षिकांनी ऑनलाइन वर्ग धरले. ती सोय टिकून आहे. तिकिटाचे पैसे जमेपर्यंत घरबसल्या शंभरेक तास पदरात पाडता येतात, आणि फी तिथल्याच शिक्षिकेला जाते.

शेलाहून परत निघायच्या आधीच्या दोन महिन्यांत माझं शिकवण्याचं कामही बदललं होतं. त्या शाळेच्या इंग्रजीच्या शिक्षिकेचं व्याकरण माझ्याइतकंच चांगलं होतं, बोलायची सवय तेवढी नव्हती. तिने मला एका संध्याकाळी विचारलं, मुलांऐवजी मलाच तास द्याल का? मी वर्गातून मागच्या बाकावर सरकले. वर्ग ती घ्यायची. पाच ते सहा आम्ही दोघी पुढच्या दिवसाची टाचणं काढत इंग्रजीत बोलत बसायचो. तीन रकान्यांची पद्धत तिने उचलली, आणि तिसरा रकाना ती माझ्याहून कितीतरी छान भरायची, कारण किचे तिच्या आजोळची होती.

शेलातल्या माझ्या स्पॅनिशच्या शिक्षिकेकडचा तास अजून ऑनलाइन चालू आहे. दर गुरुवारी संध्याकाळी साडेपाच वाजता. शेलामध्ये तेव्हा सकाळचे सहा वाजलेले असतात. फी मी आधीसारखीच देते, ते तिचं काम आहे. तास संपला की पडद्यासमोर तिची मुलगी येते, केस विंचरून, दप्तर खांद्याला. यंदा तिला शाळेत इंग्रजी लागलं आहे. साडेसहा ते सात मी तिची. परवा ती वही उघडून म्हणाली, सेन्यो, हा शब्द आईलापण येत नाही.